इंटरनेटची जोडणी तोडावी काय?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या या व्यासपीठावरून आजवर मुलींचे शिक्षण, शिष्यवृत्त्या, शिक्षणाचे माध्यम, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर पुष्कळ बोलले गेले आहे. आजचा विषय ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींना वाटले असेल की, हा कसला विषय वकीलसाहेबांनी काढला! इंटरनेटवरून चोरटे सिनेमे, गाणी आणि पुस्तके उतरवून घेणारे लोक, त्यांची जोडणीच तोडून टाकणारे कायदे, आणि आपला ठावठिकाणा झाकून इंटरनेट वापरणारी मंडळी. पण हा विषय मी हौसेने काढलेला नाही. आपल्या वसतिगृह समितीपुढे सध्या एक सूचना आहे. काही मुले रात्री चोरटे सिनेमे उतरवून घेतात, म्हणून वसतिगृहाचे वाय-फाय सरसकट बंद करावे, अशी ती सूचना. सूचना करणारे गृहस्थ माझ्या आदराचे आहेत आणि त्यांची तळमळ खरी आहे. परंतु अशीच सूचना पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका मोठ्या देशाच्या संसदेपुढे आली होती, तिचा कायदाही झाला, आणि त्याचे पुढे काय झाले हे आपण माहीत करून घेतले तर समितीचे काम सोपे होईल असे मला वाटते.

तो देश म्हणजे फ्रान्स. तेथे चित्रपट आणि संगीत यांचा धंदा मोठा आहे, आणि त्या धंद्यातील लोकांची तक्रार खोटी नव्हती. एखादा माणूस वर्षभर खपून गाणे रचतो, वाद्यवृंदाला पैसे देतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची फुकट प्रत हजारो संगणकांवर फिरू लागते. 'पिअर टु पिअर' नावाची जी पद्धत आहे, जिला आपली मुले टॉरेंट म्हणून ओळखतात, तिच्यात प्रत्येक जण घेता घेता दुसऱ्याला देतही असतो. त्यामुळे अमुक जोडणीवरून अमुक गाणे वाटले जात आहे हे बाहेरून पाहता येते. प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो, त्याला आयपी क्रमांक म्हणतात. तो टिपून ठेवायचा आणि कंपनीला विचारायचे की हा क्रमांक कोणाच्या नावावर आहे.

२००९ साली फ्रेंच सरकारने यासाठी कायदा आणला. 'हादोपी' नावाची एक स्वतंत्र यंत्रणा उभी करावयाची होती. पहिल्या वेळी ई-मेलने ताकीद, दुसऱ्या वेळी रजिस्टर पत्र, आणि तरीही थांबला नाही तर त्या घराची इंटरनेटची जोडणी वर्षभरापर्यंत बंद. बंद करणारे कोण, तर न्यायालय नव्हे, ही सरकारी यंत्रणाच. ९ एप्रिल २००९ रोजी खालच्या सभागृहात हा कायदा १५ विरुद्ध २१ मतांनी फेटाळला गेला. एवढ्या मोठ्या सभागृहात मोजके छत्तीस सभासद हजर होते! पुढच्याच महिन्यात सरकारने तो पुन्हा आणून मंजूर करून घेतला. मग प्रकरण तेथील घटना परिषदेकडे गेले आणि १० जून २००९ रोजी परिषदेने त्यातील मुख्य कलमच काढून टाकले.

परिषदेने आधार घेतला तो १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा. त्याच्या अकराव्या कलमात विचार आणि मते मोकळेपणाने दुसऱ्यांना कळविण्याचा हक्क सांगितला आहे. १७८९ साली वीजही घरोघर नव्हती, मग इंटरनेट कोठले? पण परिषदेने म्हटले की, आजच्या काळात मते मांडणे आणि मिळवणे हे ज्या साधनाने चालते, त्या साधनापर्यंत पोचण्याचे स्वातंत्र्यही या हक्कात येते, आणि ते काढून घेण्याचा अधिकार एखाद्या कचेरीकडे सोपविता येणार नाही. दुसरा मुद्दा मला वकील या नात्याने अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या कायद्यात जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याला आधी दोषी धरले होते, आणि आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच टाकली होती. परिषदेने ते अमान्य केले.

सरकार मात्र हटले नाही. त्याच वर्षीच्या अखेरीस दुसरा कायदा झाला. त्यात शिक्षा देण्याचे काम न्यायाधीशाकडे दिले, पण एक नवीन गुन्हा निर्माण केला. आपल्या जोडणीवर लक्ष न ठेवणे, तिचा गैरवापर होऊ देणे, हाच गुन्हा. त्यासाठी दीड हजार युरोपर्यंत दंड आणि महिनाभरापर्यंत जोडणी बंद. पालकांनी याकडे नीट लक्ष द्यावे. कोणी उतरवून घेतले हा प्रश्नच यात राहत नाही. जोडणी कोणाच्या नावावर आहे, एवढाच प्रश्न उरतो. आणि आपल्याकडे काय, फ्रान्समध्ये काय, जोडणी बहुधा घरातील कर्त्या माणसाच्या नावावर असते.

याचा परिणाम २०१२ च्या सप्टेंबरमध्ये दिसला. बेलफोर नावाच्या गावच्या न्यायालयात पहिला माणूस उभा राहिला. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, मला स्वतःला गाणी उतरवून घेता येत नाहीत, रिहाना नावाच्या गायिकेची ती गाणी माझ्या बायकोने घेतली. बायकोनेही ते मान्य केले. आपल्याला वाटेल, सुटला बिचारा. पण खरे बोलण्यानेच तो अडकला. जोडणी तुझ्या नावावर, तुझ्या घरात गैरवापर झाला हे तूच कबूल केलेस, म्हणून १५० युरो दंड. पुढे जून २०१३ मध्ये एका माणसाला ६०० युरो दंड आणि पंधरा दिवस जोडणी बंद, अशी शिक्षा झाली. जोडणी तोडण्याचा हा पहिला निकाल, आणि शेवटचाही. जुलै २०१३ मध्ये सरकारने स्वतःच आदेश काढून या निष्काळजीपणाच्या गुन्ह्यासाठी जोडणी तोडण्याची शिक्षा रद्द केली. म्हणजे चार वर्षे ज्या शिक्षेवरून संसद, न्यायालये आणि वर्तमानपत्रे गाजली, तिची वासलात एका आदेशाने लागली. दंड आणि ताकिदीची पत्रे मात्र चालू राहिली. दहा वर्षांनी तेथील पत्रकारांनी हिशेब मांडला, तेव्हा या यंत्रणेवर सरकारचा खर्च आठ कोटी युरोंहून अधिक आणि वसूल झालेला दंड नव्वद हजार युरोंच्या आत, असे निघाले. २०२२ च्या १ जानेवारीला ती यंत्रणा दुसऱ्या एका मंडळात विलीन झाली.

दरम्यान चोरटा माल घेणारे लोक काय करीत होते? कायद्याची नजर फक्त टॉरेंटसारख्या पद्धतीवर होती. लोकांनी ती सोडली आणि थेट एखाद्या स्थळावरून सिनेमा पाहू लागले. तो रस्ता या कायद्याच्या कक्षेतच नव्हता. पुढे स्वस्त मासिक वर्गणीत गाणी आणि चित्रपट मिळू लागले. माझ्या मते माणसे विकतच्या मालाकडे वळली ती त्याने अधिक. योग्य दरात आणि सहज मिळाले तर बहुतेक माणसे पैसे देतात.

इतर देशांचा अनुभव थोडक्यात सांगतो. ब्रिटनने २०१० साली निवडणुकीच्या तोंडावर घाईघाईने असाच कायदा केला, पण त्यातील जोडणी तोडण्याची तरतूद कधीच अमलात आली नाही. न्यूझीलंडने २०११ च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत जोडणी बंद करण्याचे कलम लिहून ठेवले, पण ते चालू केले नाही. दंडावर भागवले. त्याच २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेपुढे फ्रांक ला रू यांचा अहवाल आला. त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले की, कॉपीराइटचा भंग हे कारण देऊन माणसाला इंटरनेटपासून तोडणे ही अपराधाच्या मानाने फार मोठी शिक्षा आहे. कारण उघड आहे. गाणे एकाने घेतले, पण जोडणी तुटली की धाकट्या बहिणीचा अभ्यास बुडतो, अम्मीला बँकेचे काम करता येत नाही, अब्बांचा धंदा अडतो. नळावर एकाने भांडण केले म्हणून मोहल्ल्याचे पाणी तोडण्यासारखे हे झाले.

मग पालकांनी काहीच करू नये काय? येथे जर्मनीतील एक खटला सांगणे अगत्याचे आहे, कारण मला आजवर भेटलेल्या बहुतेक पालकांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

एका कुटुंबात तेरा वर्षांचा मुलगा होता. बाराव्या वाढदिवशी वडिलांनी त्याला आपला जुना संगणक दिलेला. त्याच्या संगणकावर अकराशेहून अधिक गाण्यांच्या चोरट्या प्रती वाटल्या जात आहेत असे संगीत कंपन्यांना आढळले. त्यांतील पंधरा गाण्यांबद्दल त्यांनी आईबापांवर दावा लावला. नुकसानभरपाई तीन हजार युरो आणि शिवाय वकिलाचा खर्च. खालच्या न्यायालयांनी म्हटले, आईबापांनी मुलाचा संगणक वरचेवर तपासावयास हवा होता. कोणती गाणी, कोणते प्रोग्राम, सगळे पाहावयास हवे होते. दर महिन्याला पाहिले असते तर पडद्यावरच ते दिसले असते. १५ नोव्हेंबर २०१२ रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हे फिरवले. न्यायालयाने म्हटले की, सर्वसाधारणपणे आईबापांचे ऐकणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला, चोरट्या प्रतींची देवाणघेवाण बेकायदा आहे, ती करू नकोस, एवढे नीट समजावून सांगितले की पालकांचे कर्तव्य पूर्ण होते. मुलगा ती मनाई मोडतो आहे असे ठोस कारण दिसेपर्यंत त्याच्यावर पाळत ठेवणे, संगणक तपासणे किंवा इंटरनेट बंद करणे ही पालकांची जबाबदारी नाही.

मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. समजावून सांगणे ही अट त्यात आहे, हे मात्र विसरू नये. आपल्यापैकी किती पालकांनी मुलाला बसवून सांगितले आहे की, बेटा, हे पुस्तक कोणीतरी लिहिले आहे, त्याची फुकट प्रत वाटणे म्हणजे त्याच्या मजुरीवर हात मारणे आहे? आपण मोबाईल हिसकावतो, ओरडतो, पण हे वाक्य बोलत नाही. पुष्कळदा अब्बाच चोरटा सिनेमा पाहत असतात, मग बोलणार कसे, हाही भाग आहेच!

आता अनामिक जाळ्यांविषयी. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यातील काही जणांनी 'टॉर'चे नाव ऐकले असेल. वडील मंडळींसाठी सोप्या शब्दांत सांगतो. समजा, एक पत्र आपण तीन पाकिटांत घातले. बाहेरच्या पाकिटावर पहिल्या माणसाचा पत्ता. तो ते फोडतो, आत दुसऱ्याचा पत्ता मिळतो, तिकडे पाठवतो. दुसरा फोडतो, तिसऱ्याकडे पाठवतो. तिसरा शेवटचे पाकीट फोडून पत्र मूळ ठिकाणी पोचवतो. पहिल्याला पत्र कोणी दिले ते माहीत असते, पण कोठे जाणार ते माहीत नसते. तिसऱ्याला कोठे जाणार ते माहीत असते, पण कोणाचे ते माहीत नसते. कांद्याच्या पाकळ्यांसारखी ही रचना, म्हणून तिचे नावही कांद्यावरूनच पडले. ही युक्ती १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधनशाळेत निघाली आणि २००२ पासून ती सर्वांना खुली आहे. जगभरातील स्वयंसेवक आपल्या संगणकांवर हे टपालाचे काम फुकट करतात.

याचा उपयोग कोण करतात? ज्या देशांत बातम्यांवर बंदी असते तेथील वाचक, आपल्या माहितीदाराला जपणारे पत्रकार, घरातील छळातून सुटू पाहणाऱ्या आणि आपला ठावठिकाणा नवऱ्याला कळू न देणाऱ्या स्त्रिया. बीबीसीने २०१९ साली आपल्या बातम्या या जाळ्यावरही उपलब्ध केल्या, कारण काही देशांत त्यांचे स्थळ उघडत नाही. याच जाळ्यावर अमली पदार्थांचा मोठा बाजारही चालला होता, तो २०१३ मध्ये अमेरिकेच्या पोलिसांनी बंद पाडला. बुरख्याआडून दोन्ही प्रकारची माणसे जातात, असे कोणी म्हटले तर मी त्या उपमेला हरकत घेईन, कारण तो शब्द आपल्याकडे भलत्याच वादांत ओढला जातो. साधी गोष्ट अशी की, नाव न सांगता बोलणे हा गुन्हा नाही, नाव न सांगता केलेला गुन्हा मात्र गुन्हाच राहतो.

फ्रान्ससारखे कायदे आल्यावर काही तरुणांनी टॉरेंट या जाळ्यातून चालविण्याचा उद्योग केला. जाळे चालविणाऱ्यांनी स्वतःच २०१० साली त्यांना सांगितले की, हे करू नका. एक तर स्वयंसेवकांनी दिलेले हे अरुंद रस्ते जड सिनेमांनी तुंबतात आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांची वाट अडते. दुसरे म्हणजे टॉरेंटचा प्रोग्राम पुष्कळदा आतल्या आत तुमचा खरा आयपी क्रमांक सांगून टाकतो. पाकिटे तीन घातली, पण पत्राच्या मजकुरातच घरचा पत्ता लिहिला, असे ते होते. फ्रान्समधीलच इन्रिया या संशोधन संस्थेच्या लोकांनी हे करून दाखविले. तेवीस दिवसांत त्यांनी असे सुमारे दहा हजार आयपी क्रमांक उघडे केले. तेव्हा कोणी मित्र तुम्हाला सांगेल की, हे वापर, मग कोणाच्या बापाला कळणार नाही, तर त्याचे ऐकू नका.

आणि तिसऱ्या पाकिटवाल्याचे काय होते? बाहेरून पाहणाऱ्याला त्याचाच क्रमांक दिसतो. चोरटी प्रत घेणारा कोणी दुसराच, पण ताकीद येते ती या स्वयंसेवकाला. म्हणजे बेलफोरच्या त्या नवऱ्यासारखीच याची गत. जोडणीचा मालक तोच गुन्हेगार, हे समीकरण मान्य केले की जाळे चालविणारे, वाचनालये, वसतिगृहे, सायबर कॅफे, सगळेच त्यात सापडतात.

अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यात लेबनॉन या छोट्या गावात किल्टन नावाचे सार्वजनिक वाचनालय आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात त्या वाचनालयाने आपल्या संगणकावर या जाळ्याचे एक ठाणे सुरू केले. केंद्र सरकारच्या सुरक्षा खात्याकडून स्थानिक पोलिसांना सूचना गेली, पोलिस वाचनालयात येऊन बोलले, आणि ठाणे थांबवण्यात आले. मग सप्टेंबरमध्ये विश्वस्तांची उघडी सभा झाली. गावकरी आले, बोलले, आणि विश्वस्तांनी ठाणे पुन्हा चालू करण्याचा निर्णय घेतला. आपण तसे ठाणे उभारावे असे मी सुचवीत नाही. मला आवडली ती पद्धत. शंका आली, काम थांबवले, लोकांना बोलावले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि मग ठरवले.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे तीन ताकिदींनंतर जोडणी तोडण्याचा कायदा नाही. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि त्याच्या ६३ व्या कलमात जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. चित्रपटगृहात चोरून चित्रीकरण करणाऱ्यासाठी २०२३ च्या दुरुस्तीने वेगळी आणि कडक शिक्षा आली. न्यायालये चोरट्या मालाची स्थळे बंद करण्याचे हुकूम देतात. २०१६ साली अशा बंद स्थळांवर एक धमकीवजा सूचना झळकू लागली की, नुसते पाहणे हाही शिक्षेचा गुन्हा आहे. पुष्कळ घरांत घबराट झाली. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती सूचना सुधारावयास लावली. केवळ पाहणे हा गुन्हा नाही, हक्कदाराचे नुकसान होईल असे वाटप, जाहीर प्रदर्शन किंवा विक्री हा गुन्हा आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. नैतिक प्रश्न वेगळा, तो प्रत्येकाने आपल्या मनाशी सोडवावा.

टेलिग्रामवर फुकट पुस्तके घेणाऱ्यांनी आणखी एक निकाल लक्षात ठेवावा. दिल्लीतील एका शिक्षिकेची स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि व्याख्याने टेलिग्रामच्या गटांवर वाटली जात होती. एक गट बंद केला की दुसरा निघे. चालविणाऱ्यांची नावे द्या, असे त्या म्हणाल्या. कंपनीने सांगितले की आमची यंत्रे सिंगापुरात आहेत, तेथील कायदा आड येतो. ३० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नावे, फोन क्रमांक आणि आयपी क्रमांक देण्याचा हुकूम केला आणि कंपनीला तो पाळावा लागला. मी हा निकाल योग्य मानतो. येथे न्यायालयाने विशिष्ट कृत्य पाहिले, ज्याने ते केले त्याचा शोध घेतला, आणि बाकीच्या लाखो वाचकांची वाट बंद केली नाही. याउलट त्याच वर्षी केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन पुरविणाऱ्या कंपन्यांना सर्व ग्राहकांची नावनिशी पाच वर्षे जपून ठेवण्यास सांगितले, तेव्हा संशयित आणि निर्दोष एकाच वहीत आले. काही कंपन्यांनी आपली यंत्रे भारताबाहेर हलवली.

वसतिगृहाच्या सूचनेशी सर्वांत जवळचा निकाल केरळचा आहे. कोळिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल जमा करण्याचा नियम होता. एका मुस्लिम विद्यार्थिनीने तो मानला नाही. माझा अभ्यास त्यावर चालतो, असे तिचे म्हणणे. तिला वसतिगृह सोडावे लागले. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला की, इंटरनेटपर्यंत पोचणे हा शिक्षणाच्या आणि खाजगी जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, आणि शिस्तीचा नियम विद्यार्थ्याच्या ज्ञान मिळवण्याच्या मार्गावर अशी बंदी घालू शकत नाही. मुलीला परत घेण्यात यावे. पुढे १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही, काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात, बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे हुकूम जाहीर केले पाहिजेत असे ठरविले.

आपल्या वसतिगृहातील मुले कोठून येतात हे मी आपल्याला सांगावयास नको. कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणाचे गॅरेज आहे, कोणाची अम्मी शिवणकाम करते. पुष्कळांच्या घरी फक्त एक मोबाईल, तोही भावंडांत वाटून. वसतिगृहात त्यांना प्रथमच रात्री अकराला शांतपणे एखादा गणिताचा तास पाहता येतो. सहा मुलांनी सिनेमे घेतले म्हणून बाकीच्यांचा तो तास बंद करणे म्हणजे हादोपीने जे चार वर्षांत सोडून दिले ते आपण आज सुरू करणे.

आता थोडे पुस्तकांविषयी, कारण आमची मुले चोरटी प्रत घेतात ती पुष्कळदा सिनेमाची नसते, सातशे रुपयांच्या पुस्तकाची असते. कायद्याने जे उघडे ठेवले आहे ते आपण वापरतो का? अध्यापनाच्या ओघात लागणाऱ्या प्रती काढण्यास कायद्यात सूट आहे. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या दुकानावर परदेशी प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तीच सूट मान्य केली, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचे होते. महात्मा फुले, राम गणेश गडकरी, साने गुरुजी, डॉ. आंबेडकर, उर्दूत इक्बाल आणि मंटो यांचे मूळ लेखन आज कोणीही छापावे, वाटावे. हे फुकट उतरवून घेण्यासाठी तोंड लपवावे लागत नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजना मंजूर केली. तिच्यातून सुमारे तेरा हजार नियतकालिके वाचावयास मिळतात, पण ती योजना सरकारी व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांसाठी आखलेली आहे. आपल्यासारख्या समाजाच्या पैशांवर चालणाऱ्या महाविद्यालयांची मुले दाराबाहेर राहतात. ज्या विद्यार्थ्यांना दार उघडे नाही तेच चोरदाराकडे जातात, आणि दोष त्यांनाच दिला जातो. याबद्दल सर्व शिक्षणसंस्थांनी मिळून सरकारकडे आवाज उठविला पाहिजे. तोपर्यंत इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना आहे, वार्षिक वर्गणीत महाविद्यालयाला पुस्तके आणि नियतकालिके मिळतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तर सर्वांना खुले आहे.

समितीसाठी मी एक लेखी टिपण कार्यवाहांकडे दिले आहे. वाय-फाय चालू ठेवावे. टॉरेंटला राउटरवरच अटकाव करता येतो, तो करावा. तरीही एखाद्या मुलाविरुद्ध तक्रार आली तर त्याला बोलावून, त्याचे ऐकून घेऊन, गरज पडली तर त्याच्या पालकांसमोर निर्णय द्यावा, आणि शिक्षा त्या एकट्याला असावी. वाचनालय रात्री दहापर्यंत उघडे ठेवावे आणि तेथे वर सांगितलेल्या साधनांची माहिती मराठी-उर्दूत भिंतीवर लावावी. हे टिपण कार्यालयात पाहावयास मिळेल. बैठक पुढील महिन्यात आहे. पालकांनी आणि विशेषतः वसतिगृहातील मुलामुलींनी त्यावर आपले म्हणणे लिहून द्यावे, नाव घातले नाही तरी ते वाचले जाईल असे अध्यक्षांनी मला सांगितले आहे.

अजून थोडा वेळ आहे असे कार्यवाह खुणावत आहेत. विद्यार्थ्यांचे काही प्रश्न असतील तर अवश्य विचारा.